पाणी येतंय ना, मग झालं तर!

थळला मी ज्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, तिथे थंड पाण्याचा नळ सोडला की बादली दोन-तीन मिनिटांत भरते. गरम पाण्याचा सोडला की करंगळीएवढी धार येते. बादली भरेस्तोवर आईचे गुडघे बोलायला लागतात, आणि गरम पाणी तर तिच्या गुडघ्यांसाठीच हवं असतं. घरमालकांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, पाणी येतंय ना? मग झालं तर!"

या एका वाक्यावर मला लिहायचं आहे. कुणी म्हणेल, नळाच्या धारेतही तुम्हाला महाड दिसतं का? दिसतं. आमच्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, पाण्याच्या हक्काचा सगळ्यात मोठा लढा याच प्रश्नावर झाला: पाणी आहे, पण ते तुमच्या ओंजळीपर्यंत पोचतं का?

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. त्याला धरून ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं. कागदावर सगळं झालं. प्रत्यक्षात तीन वर्षं आपल्या माणसांना तिथे हात बुडवता आला नाही. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेला हजारो लोक आले, तेव्हा त्यांच्या पिण्याची सोय करायला चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. ठरावाने खुलं झालेलं तळं गावात असताना! त्या दिवशी नगरपालिकेला विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, तळं खुलं आहे ना, मग झालं तर.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. बाबासाहेब तळ्याचं पाणी प्यायले, मग लाठ्या, मग शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळ्याचं 'शुद्धीकरण'. मला त्यातला कंटाळवाणा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, जो भाषणांत येत नाही. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. १२ डिसेंबरला सवर्णांनी दिवाणी दावा लावला, तळं खाजगी आहे म्हणून. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूमही मिळाला. दहा दिवसांनी, २४ तारखेला, बाबासाहेब आणि सोबतचे लोक 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले. ती बोट या किनाऱ्याला धरूनच दक्षिणेला गेली. आमच्या गच्चीवरून खांदेरी-उंदेरी दिसतात, त्यांच्याच समोरून गेली असणार. टाकीतलं पाणी बघायला वर गेले की मला ती बोट आठवते.

उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. २० मार्च १९२७ पासून मोजलं तर दहा वर्षांना तीन दिवस कमी. अस्पृश्यांना बाहेर ठेवण्याची पुरातन वहिवाट दावेदारांना सिद्ध करता आली नाही. एका ओंजळीला दहा वर्षं.

आता माझ्या नळाकडे येते. आधी रोग कुठे आहे ते शोधावं, मग भांडावं. थंड आणि गरम दोन्ही बारीक असेल तर दोष टाकीच्या उंचीत किंवा मुख्य नळीत. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब देतो, त्यामुळे टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्या वरच्या मजल्याला सगळ्यात कमी दाब मिळतो. पण थंड जोरात आणि गरम बारीक असेल, तर टाकीचा काही संबंध नाही. दोष गिझर आणि नळ यांच्या वाटेत आहे. आमच्या इमारतीला बोअरचं जड पाणी येतं. तापवलं की त्यात विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि पांढरा थर धरतो, म्हणून गरम पाण्याचीच नळी आधी चोंदते. नळीचं भोक निम्मं झालं तर पाणी निम्म्याहून कितीतरी कमी येतं. इथून जवळच खताचा मोठा कारखाना आहे. अशा कारखान्यांत बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्यातले क्षार आधी काढून घेतात, नाहीतर तिथेही हेच होईल. यंत्राची एवढी काळजी घेतली जाते, भाडेकरूची कोण घेणार?

प्लंबर आला. गिझरची वीज बंद केली, पाणी थंड होऊ दिलं. अँगल कॉक अर्धाच उघडा होता, तो पूर्ण उघडला. जोडनळी काढली तर आत खडूसारखी पूड. नळाच्या तोंडाची जाळी साफ केली. धार करंगळीची अंगठ्याएवढी झाली, पण पुढे जाईना. भिंतीतली जुनी लोखंडी नळीच आतून गंजून भरली आहे. ती बदलायची तर टाइल्स फोडाव्या लागतील, आणि टाइल्स मालकांच्या.

इथे माझी अडचण सुरू होते. माझे घरमालक जातीयवादी आहेत असा माझा आरोप नाही. शेजारच्या सवर्ण भाडेकरूच्या गरम नळालाही हीच धार आहे. फरक इतकाच, की तो जिन्यात उभा राहून आवाज चढवतो आणि मी दहा वेळा विचार करते. हे घर मिळायच्या आधी तीन ठिकाणी मला आडनाव विचारलं गेलं आणि तिन्ही घरं दुसऱ्या दिवशी 'अगोदरच दिलेली' निघाली.

१९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावं लागलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी त्या खोलीचं वर्णन केलं आहे. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, तिला लागून लहानशी न्हाणी आणि तिच्यात पाण्याचा नळ. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि ती खोली सोडावी लागली. तिथे नळाला पाणी होतं. नव्हता तो तिथे टिकून राहण्याचा हक्क, आणि तो नसेल तर माणूस नळाची तक्रार करत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांची नावं घेऊन भेदभावाला मनाई केली आहे. महाडचा अनुभव त्या शब्दांमागे आहे, असं मी मानते. पण ती मनाई सरकारी पैशातल्या किंवा जनतेसाठी ठेवलेल्या पाणवठ्यांना. माझी न्हाणी खाजगी. तिथे येतो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याच्या कलम १४ प्रमाणे मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. कलम २९ प्रमाणे पाणी विनाकारण तोडता किंवा अडवता येत नाही. वाचून बरं वाटलं. मग माझा अकरा महिन्यांचा कागद काढला. तो 'लिव्ह अँड लायसन्स'चा. म्हणजे कायद्याच्या भाषेत मी भाडेकरूच नाही, परवानाधारक! १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या परवानाधारकांना तेव्हाच्या दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्यानंतर आलेले आपण सगळे दाराबाहेर.

तरी एक कलम हाताशी ठेवावं, ५५ वं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि तसा करार नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. कायदा परिशिष्टात दिलेल्या भागांपुरता आहे, तेव्हा आपलं ठिकाण त्यात येतं का ते आधी बघा. आणि घर बघायला जाल तेव्हा दोन्ही नळ एकत्र सोडून बघा. मी खिडकीतून समुद्र दिसतो का ते बघत बसले होते.

माझा करार पुढच्या महिन्यात संपतो. नव्या मसुद्यात मी एक ओळ घातली आहे: गरम पाण्याची भिंतीतली नळी मालक स्वखर्चाने एक महिन्यात बदलून देतील. मसुदा सोमवारी मालकांच्या हातात दिला. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, बघू. प्लंबरकडून खर्चाचा अंदाज लिहून आणला आहे, तो मी मसुद्याला जोडलाय.