सातबाऱ्यावर नसलेली आजी वहीत सापडते

वारणानगरचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण सगळे एकाच वाटेनं जातो. तात्यासाहेब कोरे, ओसाड माळ, सहकारी साखर कारखाना, 1968 चा दूध संघ, मग शाळा-कॉलेजं आणि वारणा बाजार. यात चूक काही नाही. पन्हाळा तालुक्यातल्या एका माळावर हे सगळं उभं राहिलं, ही लहान गोष्ट नव्हे.

पण हा इतिहास ज्या कागदांवरून लिहिला जातो, ते कागद कोणते? सभासदांची यादी, ऊस नोंदणी, संचालक मंडळाचे ठराव, वार्षिक अहवाल. म्हणजे संस्थेचे कागद. आणि संस्थेच्या कागदावर नाव येतं ते सभासदाचं. सभासद कोण? ज्याच्या नावावर जमीन तो. जमीन कुणाच्या नावावर? उत्तर आपल्याला माहीत आहे.

पहाटे उठून शेणघाण कुणी काढली, वैरण कुणी आणली, धार कुणी काढली, डोक्यावरून दूध डेअरीपर्यंत कुणी नेलं, हे त्या कागदांत नाही. दूध संघाच्या अहवालात लिटर सापडतात, फॅट सापडतं, दर सापडतो. हात सापडत नाहीत.

ते हात कुठं सापडतात, तर आजीच्या वहीत.

“डायरी” म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं कातडी बांधणीची, कुलूप लावलेली वही येते. आपल्याकडची डायरी तशी नसते. नातवंडांच्या शाळेच्या वहीची उरलेली पानं असतात. किराणा उधारीच्या वहीचा मागचा भाग असतो. कित्येक घरांत तर भिंतीवरचं कॅलेंडर हीच डायरी. “कालनिर्णय” 1973 साली आलं आणि घराघरांत खिळ्यावर लटकलं. तारखेच्या चौकटीत सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, गॅस कधी लावला, म्हैस कधी गाभण गेली, कुणाला किती उसने दिले. वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत, नाहीतर भाकरीच्या बुट्टीखाली.

मंडळी, तो रद्दीत गेलेला कागद म्हणजे सहकाराच्या इतिहासाचं साधन होतं.

साधन हा शब्द मुद्दाम वापरला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरातली जुनी दप्तरं गोळा करत होते. त्यातून “मराठ्यांच्या इतिहासाची साधने” हे 22 खंड उभे राहिले. पहिला खंड 1898 चा. त्या दप्तरांना तोवर कोण विचारत होतं? माळ्यावर धूळ खात पडलेले कागदच होते ते. कुणीतरी हातात घेऊन वाचले म्हणून ती साधनं झाली. फरक एवढाच की ती दप्तरं वाड्यांतली होती, सरदारांची, कारकुनांची. चुलीजवळच्या वहीसाठी कुणी राजवाडे आले नाहीत. तिथं घरच्यांनीच राजवाडे व्हायला पाहिजे.

आणि घरचे झालेही आहेत. मराठीत याचं सर्वात मोठं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. “स्मृतिचित्रे” आपण एका बाईचं पुस्तक म्हणून वाचतो, पण ते तीन पिढ्यांनी आपल्यापर्यंत पोचवलंय. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. लिहिलं ते जसं बोलत तसंच. 1934 पासून ते पुस्तकाच्या भागांनी येऊ लागलं. 1936 मध्ये त्या गेल्या तेव्हा काम अपुरं होतं. शेवटचा भाग मुलानं, देवदत्त टिळकांनी पुरा केला. आणि पुढं नातवानं, अशोक देवदत्त टिळकांनी, आजीच्या या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. आजीनं सांगितलं, मुलानं पुरं केलं, नातवानं पडताळलं. आणि तरीही आजीचा आवाज आजीचाच राहिला. घरच्यांनी आजीचे कागद कसे हाताळावेत, याचा हा धडाच आहे.

कर्व्यांच्या घरातही हेच. महर्षी धोंडो केशव कर्व्यांबद्दल आपण शाळेत शिकतो. पण त्या मोठ्या कामाची घरात काय किंमत मोजावी लागली, हे आनंदीबाई कर्व्यांच्या “माझे पुराण” मधून कळतं. ते पुस्तक 1944 साली आलं आणि संपादन केलं सुनेनं, कावेरी कर्वे यांनी. सासूचं पुराण सुनेनं लोकांपुढं ठेवलं!

सगळ्याच घरांत असं कौतुक नव्हतं. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी “जिणं आमुचं” कितीतरी वर्षं लपवून लिहिलं. मिळेल त्या कागदावर लिहायचं आणि घरच्यांच्या नजरेला पडणार नाही अशा जागी ठेवायचं. 1986 साली पुस्तक आलं तेव्हा लिखाणाला जवळपास वीस वर्षं झाली होती. महार समाजातल्या बायकांचं जगणं, भूक, सासुरवास, बाबासाहेबांच्या चळवळीनं झालेला बदल, हे त्या लपवलेल्या कागदांवर होतं. ते कागद एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत गेले असते तर?

आता कुणी म्हणेल, आमच्या आजीला लिहिताच येत नव्हतं. खरं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तरी सगळ्या देशाचा विचार केला तर 1951 च्या जनगणनेत स्त्रियांची साक्षरता 8.86 टक्के होती. शंभरात नऊसुद्धा नाहीत. म्हणजे वही असलेली आजी हा अपवाद. बाकीच्या आज्यांची डायरी जात्यावर होती. हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, मार आहे, आंबेडकर आहेत. गिरणी आली, जातं बंद पडलं आणि ओवी म्हणायची जागाच गेली. ज्या आजीला लिहिता येत नाही, तिच्यापुढं आज मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग करणं हीच तिची वही.

बरं, वही सापडली. पुढं काय?

समजा, एका वहीत एवढंच आहे: “आज म्हस आटली. दूध बंद. पोरास्नी चहा काळा.” तारीख नाही. आपण म्हणणार, यात काय आहे? पण ही ओळ घरातल्या तिघांना वाचायला द्या. मुलगा सांगेल, त्या वर्षी पेंड महागली होती आणि म्हैस विकायचं चाललं होतं. सून सांगेल, दुधाचं बिल आलं की मीठ-मिरची यायची, ते बंद झालं. नात विचारेल, बिल कुणाच्या हातात पडायचं? या एका प्रश्नावर अख्खा लेख होईल. आठ शब्दांच्या ओळीत घराचा ताळेबंद असतो, पण तो उलगडायला घरचं माणूस लागतं. बाहेरच्या संशोधकाला “काळा चहा” म्हणजे फक्त काळा चहा.

म्हणून आजीची नोंद आणि आपला विचार शेजारी-शेजारी ठेवावेत, पण एकमेकांत मिसळू नयेत. आजीनं “म्हस” लिहिलं असेल तर “म्हैस” करू नका. शुद्धलेखन सुधारायला गेलात की पहिल्यांदा तिचा आवाज जातो, मग तिचं गाव जातं. आपल्याला जे वाटतं ते खाली वेगळं लिहा, आपल्या नावानं, आजच्या तारखेनं. पन्नास वर्षांनी आपलं लिहिलेलंही कुणीतरी तपासेल.

तारीख नसेल तर घाबरायचं कारण नाही. वहीच सांगते. हिशोब आण्यात असेल आणि पुढच्या पानावर “नवे पैसे” आले, तर ती पानं 1957 च्या आसपासची, कारण दशमान नाणी 1 एप्रिल 1957 ला आली. दूध शेरात आहे की लिटरमध्ये, यावरूनही काळ ढोबळ कळतो. “पहाटं भुईकंप झाला” असं असेल तर 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का असण्याची शक्यता मोठी. “इंदिराबाई गेल्या” म्हणजे 31 ऑक्टोबर 1984. मिलो, सुकडी, दुष्काळी काम आलं की 1972 कडं बघायचं. गुऱ्हाळाचा उल्लेख कमी होत गेला आणि ऊसतोडीच्या चिठ्ठीचा वाढत गेला, तर कारखाना त्या घरात कधी पोचला ते कळलं.

आणखी एक पथ्य. वहीत शेजाऱ्यांची नावं असतात, उसनवारी असते, भांडणं असतात, कुणाच्या तरी लेकीची गोष्ट असते. ती माणसं किंवा त्यांची मुलं आज हयात आहेत. सगळं जगापुढं मांडायची गरज नाही. नाव झाका, पण पान फाडू नका. आणि आजीनं कुणाच्या जातीबद्दल वाईट लिहिलं असेल, तर तेही लपवून आजीला देवी बनवू नका. आपलं मत शेजारी लिहायची सोय आहेच की.

आता वारणेचीच एक गोष्ट. 1998 साली इथं “वायर्ड व्हिलेज” प्रकल्प सुरू झाला. वारणा खोऱ्यातल्या सुमारे 70 गावांत संगणक केंद्रं, देशभर चर्चा झाली. शेतकऱ्याला आपल्या उसाचं वजन, बिल, नोंदणी गावातच बघता यायला लागली. पुढं काही गावांत संगणकाच्या जागी मोबाईलच्या एसएमएसवर हीच माहिती देण्याचा प्रयोग झाला. काम चांगलं होतं, वेळ आणि हेलपाटे वाचले. पण संगणक असो की एसएमएस, रकाने तेच: सभासद, क्षेत्र, टन, रुपये. भांगलण कुणी केली, हा रकाना कुठल्याच यंत्रात नव्हता. यंत्राचा दोष नाही. माणसानं जो रकाना आखला तोच यंत्रानं भरला.

रकाने बदलायला चळवळी लागतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं. तिथून पुढं “लक्ष्मी मुक्ती” आलं, म्हणजे नवऱ्यानं स्वखुशीनं बायकोच्या नावावर जमीन करायची. 1994 साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क दिला, 2005 मध्ये केंद्राचा कायदा आला. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आईचं नाव लावायचा निर्णय राज्यानं घेतला. पुढच्या पिढीच्या कागदावर आई येईल. पण मागच्या पिढीच्या कागदांचं काय? तिथं कुठलाही कायदा मागं जाऊन नाव लिहू शकत नाही. तिथं फक्त वही आहे.

आणि वहीला वेळ कमी आहे. 2005, 2019, 2021. वारणा आणि पंचगंगेच्या काठच्या गावांना ही वर्षं वेगळी सांगायला नकोत. पाणी घरात शिरतं तेव्हा माणूस जनावरं सोडतो, लेकरं उचलतो, जमलं तर सातबारा आणि सोनं घेतो. ट्रंकेच्या तळातली वही कुणी घेत नाही. घ्यावी अशी अपेक्षाही नाही. पण उन्हाळ्यात, निवांत असताना, मोबाईलवर एकेक पान सरळ धरून फोटो काढायला काय लागतं? पानांचा क्रम मोडू नका, कोरी पानंसुद्धा घ्या, मुखपृष्ठ घ्या, मधे ठेवलेली पावती, डेअरीचं कार्ड, पोस्टाचं पत्र जिथं सापडलं तिथंच फोटोत येऊ द्या. एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडं असू द्या. मूळ वही प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता कोरड्या सुती कापडात गुंडाळून उंचावर ठेवा.

शाळा-कॉलेजच्या शिक्षकांना एक विनंती. इतिहासाच्या प्रकल्पाला दरवर्षी पन्हाळगडाचीच माहिती इंटरनेटवरून उतरवून आणायला लावता. गड कुठं जात नाही. एखाद्या वर्षी सांगा, घरातल्या जुन्या बाईमाणसाची एक नोंद आणा, नसेल तर तिचं अर्ध्या तासाचं बोलणं आणा, आणि खाली घरातल्या दोघांचं मत लिहा. एका वर्गात पन्नास पोरं असली तरी वारणा खोऱ्याच्या दूधधंद्याचा कधी न लिहिलेला इतिहास टेबलावर येईल.

संस्थांनाही तेच सांगणं. रौप्य, सुवर्ण, अमृत महोत्सव होतात, स्मरणिका निघतात, पानभर संचालकांचे फोटो असतात. त्यात दहा पानं सभासदांच्या घरच्या वह्यांना द्या. सहकार म्हणजे अनेकांनी मिळून केलेलं काम, असं आपणच भाषणात सांगतो. मग त्या अनेकांतल्या निम्म्यांचे कागद गोळा करायचं कामही सहकाराचंच.

आजीनं वही इतिहासासाठी लिहिली नव्हती. हिशोब चुकू नये म्हणून लिहिली होती. तो हिशोब अजून पुरा व्हायचाय. ट्रंक उघडा, वही बाहेर काढा, आणि घरातल्या सगळ्यात लहान पोराला मोठ्यानं वाचायला सांगा. अक्षर लागत नसेल तिथं आईला विचारू दे.