ड्युटी सांभाळून डॉक्टरेट

१८८५ साली एडिंबरा विद्यापीठाने ज्यांना एम.डी. दिली, त्यांत साउथसीचा एक सव्वीस वर्षांचा डॉक्टर होता. साउथसी म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा पोर्ट्स्मथ शहराचा भाग. एडिंबरा तिथून शेकडो मैल दूर. १८८१मध्ये वैद्यकीची पहिली पदवी घेऊन त्याने पुढच्या वर्षी साउथसीत पाटी लावली होती. पेशंट जमायला वेळ लागला. दवाखाना चालवता चालवताच त्याने प्रबंध लिहिला. विषय होता टेबीझ डॉर्सॅलिस, म्हणजे मज्जारज्जूचा असा आजार, ज्यात आपला पाय कुठे पडतो आहे हेच रोग्याला कळेनासं होतं. या डॉक्टरचं नाव आर्थर कॉनन डॉयल. त्याचा शेरलॉक होम्स वाचकांसमोर आला तो त्यानंतर दोन वर्षांनी.

होम्सच्या कीर्तीपुढे हा प्रबंध कुणाच्या लक्षात राहिला नाही. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. आज ब्रिटनमध्ये वीस-पंचवीस वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, रेडिओग्राफर किंवा सुईण नोकरी न सोडता ‘प्रोफेशनल डॉक्टरेट’ला नाव घालते, तेव्हा ही पीएच.डी.ची अलीकडे काढलेली हलकी आवृत्ती आहे, असा सूर हमखास ऐकू येतो. या पदवीचं कूळ शोधत मागे गेलं, की हा समज टिकत नाही. काम करता करता, कामातूनच उभा राहिलेला प्रश्न घेऊन प्रबंध लिहायचा आणि विद्यापीठाने तो तपासून डॉक्टर ही पदवी द्यायची, ही रीत ब्रिटनमध्ये पीएच.डी.हून जुनी आहे.

आपल्याकडे एम.डी. म्हणजे निवासी डॉक्टर म्हणून तीन वर्षं राबून मिळवायची पदव्युत्तर पदवी. ब्रिटनमधली एम.डी. वेगळी. तिथे पहिल्या पदवीवर डॉक्टरकी सुरू होते आणि एम.डी. ही त्यानंतर प्रबंधावर मिळवायची वरची पदवी. अमेरिकेत तीच पहिली पदवी ठरली, पण एकोणिसाव्या शतकात तिथेही प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाई जोशींना १८८६ साली फिलाडेल्फियात एम.डी. मिळाली, ती हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. चौदाव्या वर्षी आई झालेल्या आनंदीबाईंचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. प्रबंध लिहिताना त्या विद्यार्थिनी होत्या, मुरलेल्या डॉक्टर नव्हेत. तरीही प्रबंधाचा विषय बाळंतिणीच्या खोलीतून आला होता, हे विसरता येत नाही.

पीएच.डी.चं घराणं जर्मन. १८१० साली विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या कल्पनेतून बर्लिनचं विद्यापीठ उभं राहिलं आणि संशोधन हाच विद्यापीठाचा धर्म मानला जाऊ लागला. १८६१ साली येलने अमेरिकेतल्या पहिल्या तीन पीएच.डी. दिल्या. ऑक्सफर्डने ही पदवी सुरू केली ती थेट १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना. जर्मनीकडे वळणारे अमेरिकी विद्यार्थी आपल्याकडे यावेत, हाही त्यामागचा एक हेतू होता. पुढे हीच पदवी साऱ्या विद्वत्तेचं माप होऊन बसली. चार-पाच वर्षं बाकी सगळं सोडून प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात बसू शकेल, असा तरुण माणूस तिने गृहीत धरला होता. रात्रपाळी करणारी बाई या चित्रात कुठेच नव्हती.

खरं तर नर्सना विद्यापीठाचं दारच बंद होतं. ते उघडलं न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये, तेही शिक्षणशास्त्राच्या बाजूने. १९०७ साली तिथे ॲडलेड नटिंग जगातल्या पहिल्या नर्सिंग-प्राध्यापक झाल्या. १९२० साली हार्वर्डने शिक्षणशास्त्राचं स्वतंत्र विद्यालय काढून शिक्षकांसाठी एड.डी. ही व्यावसायिक डॉक्टरेट आणली. त्याच दशकात टीचर्स कॉलेजने नर्सिंग शिकवणाऱ्यांना डॉक्टरेटची वाट मोकळी केली. नर्सेस डॉक्टर झाल्या त्या आधी शिक्षिका म्हणून. रोग्याच्या खाटेपाशी त्या जे करत, त्याला संशोधनाचा विषय म्हणून मान मिळायला आणखी बराच काळ जायचा होता.

तो मान मिळवून देणाऱ्या कामांपैकी एक जवळून पाहण्यासारखं आहे. लंडनमधल्या नर्स डोरीन नॉर्टन यांनी वृद्धांच्या वॉर्डातल्या शय्याव्रणांचा, म्हणजे बेडसोअरचा, अभ्यास केला आणि मॅक्लॅरन व वृद्धरोगतज्ज्ञ एक्स्टन-स्मिथ यांच्यासह तो १९६२ साली प्रसिद्ध केला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, माकडहाडाला, टाचांना काही ना काही चोळायचं, हा तेव्हाच्या नर्सिंगचा नित्यनेम होता. स्पिरिट आणि पावडर घेऊन पाठ चोळणं आपल्याकडच्या कित्येक सिस्टर्सच्याही हातात बसलेलं आहे. नॉर्टन यांना दिसलं ते असं, की कातडीला काय लावता याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो दाब हटवल्याने, ठरावीक वेळाने कूस बदलल्याने. कोणाला धोका जास्त हे आधीच ओळखता यावं म्हणून त्यांनी एक मोजपट्टी दिली. शारीरिक स्थिती, मनाची सावधता, हिंडणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा, या पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते चार गुण द्यायचे. बेरीज जास्तीत जास्त वीस. चौदा किंवा खाली आली, की हा रोगी सांभाळायचा. कागद, पेन्सिल आणि नीट पाहणारे डोळे, एवढ्यावर हे जमतं.

हे काम डॉक्टरेटसाठी नव्हतं. पण त्याचा प्रश्न रोज पाठ पुसणाऱ्या माणसालाच पडू शकतो. राउंडला येऊन दोन मिनिटांत पुढच्या खाटेकडे जाणाऱ्याला त्या नित्यनेमात शंका घेण्यासारखं काही दिसत नाही.

१९५६ साली एडिंबरा विद्यापीठात नर्सिंगचा विभाग सुरू झाला आणि १९७१ साली मार्गारेट स्कॉट राइट तिथे युरोपातल्या पहिल्या नर्सिंग-प्राध्यापक झाल्या. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या ब्रिग्ज समितीने नर्सिंग हा संशोधनावर उभा असलेला व्यवसाय झाला पाहिजे, असं स्पष्ट मांडलं. १९८३ साली डोनाल्ड शॉन यांचं ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ आलं. मुरलेला व्यावसायिक काम करता करता विचार करतो आणि त्या विचारात ज्ञान असतं, या त्यांच्या मांडणीने नर्सिंगच्या अभ्यासक्रमांवर खोल ठसा उमटवला. १९९२मध्ये ब्रिटनमधली पॉलिटेक्निक विद्यापीठं झाली आणि त्याच वर्षी ब्रिस्टल विद्यापीठाने एड.डी. सुरू केली. त्या दशकात नर्सेसचं शिक्षणही रुग्णालयांच्या शाळांमधून विद्यापीठांत गेलं. शतक संपता संपता राष्ट्रीय आरोग्य सेवेने ‘कन्सल्टंट नर्स’ हे पद निर्माण केलं. रुग्णसेवा, नेतृत्व, शिकवणं आणि संशोधन, अशा चारही जबाबदाऱ्या त्या पदाला होत्या. पहिल्या तिन्हींत तयार असलेली माणसं वॉर्डावॉर्डांत होती. चौथीसाठी त्यांना नोकरीतून उठवून नेलं असतं, तर वॉर्ड ओस पडले असते. आरोग्यसेवेतली अर्धवेळ प्रोफेशनल डॉक्टरेट फोफावली ती या गरजेतून.

तिची रचना साधारण अशी. चार ते सहा वर्षं. सुरुवातीचा काळ संशोधनपद्धती, नीतिशास्त्र, वाचन आणि स्वतःच्या कामाकडे चिकित्सक नजरेने पाहणारं लेखन यांचा. तोही वेगवेगळ्या रुग्णालयांतून आलेल्या सोबत्यांच्या गटात. मग प्रबंध. तो बहुधा पीएच.डी.च्या प्रबंधापेक्षा आखूड असतो, पण बाहेरच्या परीक्षकासमोरची तोंडी परीक्षा चुकत नाही, आणि इंग्लंडच्या पदव्यांच्या चौकटीत दोन्हींची पातळी एकच, आठवी. अवघड भाग वेगळाच आहे. संशोधक इथे घरचीच असते. आपल्याच वॉर्डातल्या रोग्याने आपल्याला मुलाखत द्यायला नाही म्हणणं किती कठीण! ज्या सिस्टरच्या हातून इंजेक्शन घ्यायचं, तिला नकार कोण देईल? म्हणून संमती घेण्याचं काम तिसऱ्या माणसाकडे सोपवण्याची पद्धत आहे. सहकाऱ्यांची चूक दिसली तर ती टिपणात लिहायची की आधी वॉर्डात सांगायची, याचं उत्तर नैतिक समितीपुढे अगोदरच द्यावं लागतं. पूर्णवेळ संशोधक काम संपलं की निघून जातो. हिला मात्र सोमवारी सकाळी त्याच माणसांबरोबर हँडओव्हर घ्यायचा असतो. अर्धवेळ असण्याचं मोल मला इथे दिसतं. निष्कर्ष चुकीचा किंवा अव्यवहार्य असला, तर तो तिला स्वतःलाच वॉर्डात भोवतो.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. २००१ साली केंटकी विद्यापीठात ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’, अर्थात डी.एन.पी., सुरू झाली. २००४ साली तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने ठरवलं, की २०१५पर्यंत प्रगत नर्सिंगसाठी हीच पदवी असावी. ती मुदत पाळली गेली नाही, पण आज डी.एन.पी. करणाऱ्या नर्सेस पीएच.डी. करणाऱ्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त आहेत. तिथे प्रबंधाची जागा प्रकल्पाने घेतली आहे. सिद्ध झालेलं ज्ञान खाटेपर्यंत पोहोचवणं हेच या पदवीचं काम, असं तिचे पुरस्कर्ते सांगतात, आणि ते काम मोठंच आहे. तरी मला ब्रिटिश रीत अधिक न्याय्य वाटते. नवं ज्ञान निर्माण करण्याचा हक्क एकट्या पीएच.डी.वाल्यांकडे ठेवायचा आणि वॉर्डातल्या बाईने ते फक्त राबवायचं, ही विभागणी नॉर्टन यांच्या कामानंतर मान्य करणं जड जातं.

भारतात नर्सिंगची पदव्युत्तर पदवी १९५९ साली दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर महाविद्यालयात सुरू झाली. पुढे पीएच.डी. आली, वेगळी व्यावसायिक डॉक्टरेट मात्र नर्सिंगमध्ये रुजली नाही. पण एक वाट उघडली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट परवानगी दिली. त्यासाठी नोकरी असेल तिथलं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. उमेदवाराला अर्धवेळ अभ्यासाची मुभा आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी ड्युटीतून मोकळं केलं जाईल, असं त्यात लिहून द्यावं लागतं.

आपल्या सरकारी रुग्णालयांत विषयांची वाण नाही. जनरल वॉर्डात रोग्याची कूस बदलतो तो बऱ्याचदा खाटेशेजारी बसलेला नातेवाईक. त्याला ते कोण शिकवतं, रात्री तो किती वेळा उठतो आणि त्याचा व्रणांवर काय परिणाम होतो, हे तिथल्या सिस्टरइतकं कुणाला ठाऊक नाही. नोकरीत आहे म्हणून तिला अर्ज करता येत नाही, असा नियम आज नाही. कोर्सवर्कच्या महिन्यांत तिची पाळी कोण करणार, याचा निकाल मात्र मेट्रनच्या ड्युटी-चार्टवरच लागतो.