महामारीतील चेन्नई : पेठ, दुकानदार आणि आपण

शहरांचा इतिहास लिहिताना किल्ले, गव्हर्नर आणि बंदरे यांचीच नोंद प्रामुख्याने होते. रोजच्या उदीमावर जगणाऱ्या सामान्य माणसाला त्यात क्वचितच स्थान मिळते. वास्तविक १६३९ साली वसू लागलेले मद्रास वाढले ते विणकर, रंगारी आणि किरकोळ व्यापारी यांच्या बळावर. १७३४ साली चिंताद्रिपेट ही वस्तीच मुळी विणकरांसाठी उभारण्यात आली. जॉर्जटाऊनमधील कोत्तवाल चावडीने कित्येक पिढ्या शहराला भाजीपाला पुरविला. १९९६ साली तो घाऊक बाजार कोयंबेडू येथे गेला.

आपण महाराष्ट्रीय मंडळी नोकरीनिमित्त या शहरात आलो तेव्हा पुष्कळांना ना येथील भाषा येत होती, ना कोणाची ओळख होती. अशा वेळी पगार होईपर्यंत उधारीवर तांदूळ-डाळ देणारा कोपऱ्यावरचा ‘अण्णाच्ची’ हाच अनेक घरांचा पहिला आप्त ठरला. तिरुनेलवेली-तूत्तुकुडीकडून पोटासाठी आलेला तोही एका अर्थी परगावचाच. या ऋणाचे स्मरण ठेवूनच २०२० आणि २०२१ या दोन वर्षांकडे पाहावयास हवे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. एप्रिलमध्ये किराणा दुकानांना सकाळी ६ ते दुपारी १ एवढीच मुभा राहिली आणि २६ ते २९ एप्रिल हे चार दिवस तर चेन्नईत तीही नव्हती. कोयंबेडूच्या गर्दीतून संसर्ग पसरल्यामुळे ५ मे रोजी तो बाजार बंद करण्यात आला. भाजीचे घाऊक व्यापारी शहराबाहेर तिरुमळिसै येथे तात्पुरत्या गाळ्यांत गेले, फळबाजार माधवरमच्या बसस्थानकात हलला. सप्टेंबरच्या अखेरीस भाजीबाजार कोयंबेडूस परतला. परंतु मधल्या चार-पाच महिन्यांत हातगाडीवाल्याला माल आणण्यासाठी लांबचा फेरा पडे आणि गाडीभाड्यातच त्याचा नफा जिरे.

या संकटाची झळ आपल्या माणसांनाही लागली. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी टापूतून निघालेले गलई व्यावसायिक देशभर पसरलेले आहेत. साहुकारपेठेतील सोन्या-चांदीच्या बाजारपेठेशीही त्यांचे नाते आहे. जुने दागिने वितळवून धातू शुद्ध करणे आणि सराफी कारखान्यांतील मातीतूनसुद्धा सोन्याचे कण काढणे हे त्यांचे कसब. सराफाचे दुकान उघडले तरच यांची भट्टी पेटते. त्या वर्षी अक्षय्य तृतीया आली ती नेमकी २६ एप्रिलला, म्हणजे कडक टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. सराफांचा वर्षातील एक मोठा मुहूर्त असा बंद दारामागे गेला. ऑगस्टमध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला ५५,००० रुपयांच्या वर चढला. पण भाव वाढला म्हणून बंद भट्टीच्या महिन्यांचे गाळाभाडे माफ होत नाही.

शासनाने साहाय्य केले नाही असे म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत लांबणीवर टाकण्याची सवलत दिली. जूनमध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत पथारीवाल्यांना खेळत्या भांडवलासाठी तारणाविना १०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू लागले आणि वेळेवर फेडणाऱ्यास व्याजात सूट मिळाली. तथापि या व्यवसायाचे गणित ध्यानी घ्यावे. पहाटे घेतलेला माल संध्याकाळपर्यंत विकला जावा आणि त्याच पैशातून दुसऱ्या दिवसाचा माल यावा, असे हे रोजचे चक्र असते. गिऱ्हाईकच आले नाही, तर कर्जाने आणलेली भाजी कुजते आणि हप्ता मात्र उरतो. म्हणून छोट्या दुकानदाराचे खरे भांडवल गिऱ्हाईक हेच होय, असे आम्हांस वाटते.

या दृष्टीने १९ ते ३० जून २०२० ची टाळेबंदी बोधप्रद आहे. नागरिकांनी वाहन न काढता दोन किलोमीटरच्या आतील दुकानांतूनच जिन्नस घ्यावेत, असा त्या वेळी नियम होता. गाडीतून दूरच्या भांडारात जाणारी अनेक कुटुंबे त्या बारा दिवसांत पायी गल्लीतल्या दुकानाकडे वळली. पुढे मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत दुकाने बंद असताना, महिनाअखेरीस किराणा दुकानदारांना दूरध्वनीवरून मागणी घेऊन माल घरपोच करण्याची परवानगी मिळाली. ज्यांची गिऱ्हाइके नावानिशी ठाऊक होती, त्यांना ही व्यवस्था सहज साधली. जुन्या उधारीच्या वहीने जोडलेली माणसे अशी कामास आली.

संकट ओसरल्यावर मात्र आपली पावले पुन्हा मोठ्या भांडारांकडे वळली आणि बोटे मोबाईलवरील मागणीकडे. सोय कोणास नको असते? त्याबद्दल दूषण देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आणीबाणीत ज्याचा दरवाजा ठोठावला, त्याचे दुकान एरवी आपल्या खरेदीवाचून कसे टिकावे, हा प्रश्न उरतोच. त्याला दयेची गरज नाही आणि देणगीचीही नाही. महिन्याच्या यादीतील निम्मी तरी खरेदी त्याच्याकडे व्हावी, मागील बाकी वेळेवर चुकती व्हावी आणि दोन रुपयांसाठी घासाघीस होऊ नये, एवढे पुरे आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण मंडळाच्या संस्थापकांचे व देणगीदारांचे ऋण मानतोच. त्याच यादीत आपल्याला ओळखीविना उधार देणाऱ्या या शेजाऱ्याचे नावही प्रत्येक कुटुंबाने आपापल्या मनाशी लिहून घ्यावे, एवढीच नम्र विनंती.