चल जनुकघटक आणि समुद्री जीवाणूंमधील स्पर्धा

चल जनुकघटक म्हणजे एका पेशीतून दुसऱ्या पेशीत, किंवा त्याच पेशीच्या जनुकसंचात जागा बदलून जाणारे डीएनएचे तुकडे. प्लाझ्मिड, ट्रान्सपोझॉन, जनुकसंचात दडून बसलेले जीवाणुभक्षक विषाणू (फाज) वगैरे यांत येतात. समुद्रात कोणता जीवाणू तगेल हे पुष्कळदा अशा उसन्या सामग्रीवर ठरते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर नाहान्ट येथे मिळालेल्या व्हिब्रिओ जीवाणूंवरचे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हे वाण जवळजवळ जुळे, तरी एकाला मारणारा फाज दुसऱ्याला मारत नसे. फाज ज्यांना चिकटतो ते पेशीपृष्ठावरचे ग्राहक मात्र सर्वांत सारखेच होते. म्हणजे विषाणू दारापर्यंत सगळीकडे पोचत होता. फरक आतल्या पहाऱ्यात होता. एकेका जीवाणूत असे ६ ते १२ संरक्षक चल घटक सापडले. निकटच्या वाणांत जो जनुकभाग वेगवेगळा असतो, त्याचा ९० टक्क्यांहून अधिक हिस्सा यांचाच. ते येतात झपाट्याने आणि जातातही तसेच. प्रयोगशाळेत जीवाणू बहुधा ग्राहकच बदलून फाजपासून सुटतो. निसर्गातली वाट निराळी निघाली.

हल्ल्याची शस्त्रेही अशीच मिळतात. हवाईजवळच्या एका छोट्या माकुलाच्या प्रकाशेंद्रियात व्हिब्रिओ फिशेरी राहतो. त्याच्या काही वाणांत शेजाऱ्याला विषारी सुईने भोसकणारी यंत्रणा एका जनुकबेटावर, म्हणजे बाहेरून आलेल्या जनुकांच्या सलग पट्ट्यावर, असते. तिला बळी पडणारा वाण प्रकाशेंद्रियाच्या त्याच कप्प्यात टिकत नाही.

या घटकांना यजमानाचे सेवक समजणे चुकीचे ठरेल. पटकीच्या जीवाणूतील ‘पीएलई’ हा घटक आयसीपी-१ हा फाज शिरताच जागा होतो, त्याचीच सामग्री बळकावतो आणि त्याची पैदास रोखतो. पेशी मरतेच, वाचतात ते आसपासचे भाईबंद. यावर त्या फाजने ‘क्रिस्पर’ ही मूळची जीवाणूंची संरक्षणयंत्रणा स्वतःकडे घेऊन पीएलईवरच उलटवल्याचे २०१३ मध्ये दिसून आले.

भारताशी थेट नाते ‘एसएक्सटी’ या घटकाचे. १९९२ मध्ये मद्रासेत उद्भवलेल्या ओ-१३९ या पटकीच्या जीवाणूत तो ओळखला गेला. सल्फामेथॉक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम या औषधांना दाद न देण्याच्या गुणावरून त्याला हे नाव पडले. त्याच्या कुळातील घटकांवर फाजविरोधी जनुकेही असतात, हे पुढे कळले.