जस्तलेपन, पोलादी बंधकांचे
बोल्ट, नट, स्क्रू इ. पोलादी बंधकांना गंजापासून वाचविण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर जस्ताचा थर देण्याच्या प्रक्रियेस जस्तलेपन म्हणतात. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून त्यावर थर देण्याच्या पद्धतीचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मालवँ यांनी १७४२ मध्ये केले आणि सॉरेल यांनी तिचे एकस्व १८३७ मध्ये फ्रान्समध्ये घेतले. जस्त हे लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे थरावर ओरखडा पडला, तरी प्रथम जस्त झिजते व उघडे पडलेले पोलाद सुरक्षित राहते (पहा : गंजणे).

विद्युत् विलेपनाने मिळणारा थर सामान्यतः ५ ते १२ मायक्रोमीटर जाडीचा व गुळगुळीत असून तो कोरड्या, बंदिस्त जागेसाठी पुरेसा ठरतो (पहा : विद्युत् विलेपन). सुमारे ४५०° से. तापमानाच्या जस्तात बुडविल्याने बंधकांवर ४० मायक्रोमीटरहून अधिक जाड थर बसतो व तो उघड्यावरील बांधकामास उपयुक्त असतो. मात्र थराच्या जाडीमुळे नटाचे आटे नेहमीपेक्षा सैल कापावे लागतात. उच्च बलाच्या कठीण बोल्टांत अम्लप्रक्षालन व विद्युत् विलेपन करताना शिरलेल्या हायड्रोजनामुळे ठिसूळपणा येऊन ते भाराखाली अचानक तुटण्याचा धोका असल्याने, त्यांच्यासाठी जस्ताच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा, विजेविना दिला जाणारा लेप वापरतात.

थराचे आयुष्य साधारणपणे त्याच्या जाडीच्या प्रमाणात वाढते, तर सागरी हवेतील क्लोराइडे आणि औद्योगिक भागातील सल्फर डायऑक्साइड यांमुळे ते घटते. म्हणून लेपाची निवड परिसर, बंधकाचे बल व आट्यांची मापे यांचा एकत्रित विचार करून करतात.