प्रोग्रेस: अंतराळातल्या वस्तीची रसद

प्रोग्रेस हे सोव्हिएत संघाचे मानवरहित मालवाहू यान २० जानेवारी १९७८ रोजी बैकानूरहून पहिल्यांदा उडाले आणि दोन दिवसांनी साल्युत-६ या अंतराळ स्थानकाला जाऊन जोडले गेले. स्थानकावर तेव्हा युरी रोमानेंको आणि गेओर्गी ग्रेच्को राहत होते. यानातून सुमारे २,३०० किलो माल आला. त्यातले जवळजवळ एक टन इंधन होते, बाकी अन्न, पाणी, हवा आणि उपकरणे. मार्चमध्ये दोघे परतले तेव्हा त्यांचा मुक्काम ९६ दिवसांचा झाला होता आणि अमेरिकेच्या स्कायलॅबवरचा ८४ दिवसांचा विक्रम मोडला होता.

त्याआधीची सोव्हिएत स्थानके बरोबर नेलेली शिदोरी संपेपर्यंतच वापरता येत. १९७१ च्या साल्युत-१ पासून त्यांना जोडणीसाठी एकच दार असे. तिथे अंतराळवीरांचे सोयूझ यान लागले की दुसऱ्या यानाला जागा उरत नसे. खरी कोंडी मात्र इंधनाची होती. साडेतीनशे किलोमीटर उंचीवरही विरळ हवा असते, तिच्या विरोधामुळे स्थानक हळूहळू खाली येत राहते. इंजिने चालवून ते पुन्हा वर न्यावे लागते. इंधन संपले, की कितीही धडधाकट स्थानक निकामीच. म्हणूनच साल्युत-६ ला मागच्या टोकाशी दुसरे दार दिले गेले आणि त्याची लहानमोठी सगळी इंजिने एकाच साठ्यातल्या इंधनावर चालतील अशी नव्याने रचली गेली.

प्रोग्रेसचा आराखडा सोयूझवरूनच घेतलेला होता. अंतराळवीर शिरू शकतील असा मालाचा कक्ष पुढे होता, इंजिने आणि नियंत्रणाची उपकरणे मागे. सोयूझमध्ये माणसे ज्या कुपीतून परततात, तिच्या जागी इंधनाच्या टाक्या बसवल्या गेल्या. हे यान परत यायचेच नव्हते. त्यामुळे उष्णतारोधक कवच, पॅराशूट, आसने सगळे गळाले आणि वाचलेले वजन मालाला मिळाले. इंधन अत्यंत विषारी असल्याने त्याच्या नळ्या मालाच्या कक्षातून न नेता बाहेरच्या अंगाने नेल्या होत्या.

इंधन भरण्याचे काम फेब्रुवारी १९७८ च्या सुरुवातीला पार पडले. अंतराळात असे काही प्रथमच घडत होते. वजनरहित अवस्थेत द्रव आपणहून खाली उतरत नाही, तो ढकलावा लागतो. त्यासाठी टाक्यांमध्ये लवचीक पडदा असे, त्याच्या एका बाजूला इंधन आणि दुसऱ्या बाजूला दाबाखालचा नायट्रोजन. आधी स्थानकाच्या टाक्यांतला नायट्रोजन कॉम्प्रेसरने बाटल्यांत परत भरून तिथला दाब उतरवायचा, मग प्रोग्रेसकडच्या जास्त दाबाने इंधन पलीकडे सारायचे. कॉम्प्रेसरला वीज फार लागे, म्हणून हे सावकाश चाले. शेवटी नळ्यांत उरलेले इंधन बाहेर फुंकून टाकत, म्हणजे यान सुटताना जोडणीच्या दारावर विष सांडत नसे. त्यानंतर रिकाम्या यानात स्थानकावरचा कचरा भरला गेला आणि ८ फेब्रुवारीला ते प्रशांत महासागरावर वातावरणात जाळून टाकण्यात आले. हाच क्रम पुढे नेहमीचा झाला.

साल्युत-६ कडे अशी १२ याने गेली आणि तिथला सर्वांत मोठा मुक्काम १८५ दिवसांवर पोहोचला. पुरवठ्याबरोबर नवे प्रयोगही येऊ लागले. १९७९ मध्ये सातव्या प्रोग्रेसने १० मीटर व्यासाची घडीची रेडिओ दुर्बीण नेली. यान दूर झाल्यावर ती मागच्या दारातून बाहेर उलगडली. काम झाल्यावर मात्र ती स्थानकाच्या बाहेरच्या भागाला अडकून बसली आणि १५ ऑगस्टला व्हालेरी र्‍यूमिन यांना बाहेर पडून ती कापून ढकलावी लागली.

१९८९ मध्ये मीर स्थानकासाठी प्रोग्रेस-एम ही सुधारित आवृत्ती आली. तिच्यातल्या काही यानांबरोबर रादुगा नावाची कुपी असे आणि तिच्यातून सुमारे १५० किलो सामान पृथ्वीवर परत येई.

या इतिहासातला सर्वांत भयंकर दिवस २५ जून १९९७ हा. सोव्हिएत संघ फुटल्यावर ‘कुर्स’ ही आपोआप जोडणी करणारी, युक्रेनमध्ये बनणारी यंत्रणा रशियाला महाग पडू लागली होती. तिच्याशिवाय यान हाताने आणता येईल का, याची ही चाचणी होती. मीरवरून व्हासिली त्सिब्लियेव्ह पडद्यावरचे चित्र पाहून प्रोग्रेस एम-३४ चालवत होते. यान अपेक्षेपेक्षा वेगाने आले आणि स्पेक्त्र या कक्षावर आदळले. हवा गळू लागली. अलेक्सांद्र लाझुत्किन आणि अमेरिकेचे मायकेल फोल यांनी दारातून गेलेल्या तारा तोडून आणि काढून तो कक्ष बंद केला. तिघे वाचले, पण स्पेक्त्रच्या सौरपट्ट्यांची वीज गेली. पुरेशा मोजमापाविना सात टनांचे यान वस्तीच्या स्थानकाजवळ आणणे हा काटकसरीचा अक्षम्य अतिरेक होता. मीरचा शेवटही प्रोग्रेसनेच केला: २३ मार्च २००१ रोजी एम१-५ च्या इंजिनांनी ते स्थानक प्रशांत महासागरात उतरवले.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे पहिले प्रोग्रेस ऑगस्ट २००० मध्ये गेले होते. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया शटल कोसळले आणि अमेरिकेची वाहतूक थांबली. दुसऱ्याच दिवशी ठरलेले प्रोग्रेस उडाले. पुढची दोनहून अधिक वर्षे स्थानकावर दोनच माणसे ठेवून वस्ती टिकली, ती या पुरवठ्यावर. प्रोग्रेसचे उड्डाण पहिल्यांदा फसले ते ऑगस्ट २०११ मध्ये, तेहतीस वर्षांनंतर. २०१५ आणि २०१६ मध्येही एकेक यान गमावले गेले.

दरम्यान हे काम इतरांनीही उचलले. युरोपचे एटीव्ही २००८ मध्ये आले, जपानचे एचटीव्ही २००९ मध्ये. अमेरिकेच्या खासगी कंपन्यांची ड्रॅगन आणि सिग्नस २०१२ आणि २०१३ मध्ये स्थानकावर पोहोचली. चीनच्या त्यानचौ-१ ने २०१७ मध्ये त्यानकुंग-२ या चिनी अंतराळ प्रयोगशाळेत इंधन भरले. यांतले ड्रॅगन तेवढे माल घेऊन सुखरूप परतते.