लाकूडतोड आणि जळाऊ लाकडाचा व्यापार : उज्जैनच्या वखारींचे व्यवहार आणि नियम

शिप्रा नदीच्या काठी वसलेल्या उज्जैन नगरीत जळाऊ लाकडाला वर्षभर मागणी असते. चक्रतीर्थ स्मशानभूमीवर रोज चिता रचल्या जातात. अन्नछत्रे, धर्मशाळा आणि हलवाई यांच्या भट्ट्यांना सरपण लागते. दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो, तेव्हा आखाड्यांच्या धुनी आणि भंडाऱ्यांच्या चुली यांमुळे ही मागणी अनेक पटींनी वाढते. मागील सिंहस्थ २०१६ च्या एप्रिल-मे महिन्यांत झाला. पुढील २०२८ मध्ये आहे. महाकालेश्वराच्या भस्मआरतीचे भस्मही गोवऱ्यांबरोबर शमी, पिंपळ, पळस अशी लाकडे जाळून तयार केले जाते, असे सांगितले जाते. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखठणकर यांनी अठराव्या शतकात या मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्यामुळे या नगरीशी कोकण-गोमंतकाच्या मंडळींचे नाते जुने आहे.

ज्याला मराठीत लाकडाची वखार म्हणतात, त्याला माळव्यात ‘टाल’ हा शब्द आहे. टालवाला आणि त्याला लाकूड पुरविणारा तोड्या यांचा धंदा बाहेरून अगदी साधा दिसतो : झाड पाडावे, ओंडके करावेत, तोलून विकावेत. प्रत्यक्षात झाडाला कुऱ्हाड लागल्यापासून लाकूड गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर वेगळा कायदा आणि वेगळा अधिकारी असतो. या व्यवहाराची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. गोव्यातही भट्टीवाले पोदेर, काजूच्या भाट्या आणि स्मशानभूमी यांसाठी लाकूड लागतेच. म्हणून अखेरीस गोव्यातील तरतुदींचाही विचार केला आहे.

लाकूड कोठून येते

मध्य प्रदेश हे देशातील सर्वाधिक वनक्षेत्राचे राज्य असले, तरी उज्जैन जिल्ह्यात वनाच्छादन जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. काळ्या मातीच्या या पठारावर जमीन बहुतेक शेतीखाली आहे. त्यामुळे येथील टालवर येणारे लाकूड मोठ्या प्रमाणात शेताच्या बांधावरचे, परसातले किंवा रस्त्याकडेचे असते. बाभूळ, विलायती बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, कडुनिंब आणि फळ देईनासा झालेला आंबा ही त्यातली परिचित झाडे. उरलेला माल वनक्षेत्र असलेल्या इतर जिल्ह्यांतून येतो.

वनसीमेपासून पाच किलोमीटरच्या आतील गावांना घरगुती गरजेपुरते सरपण आणि बांबू सवलतीत मिळावा, यासाठी मध्य प्रदेशात ‘निस्तार’ची व्यवस्था आहे. जंगलच तुटपुंजे असल्याने उज्जैनच्या बहुसंख्य गावांना तिचा लाभ मर्यादित मिळतो. निस्तारातून मिळालेले लाकूड घरच्या चुलीसाठी असते. ते विकता येत नाही. असे लाकूड टालवर सापडल्यास टालवाला अडचणीत येतो.

झाड पाडण्यापूर्वी

शहरी हद्दीत झाड पाडायचे असेल, तर मध्य प्रदेशचा २००१ चा नागरी क्षेत्रांसाठीचा वृक्ष परिरक्षण अधिनियम लागू होतो. त्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. झाड स्वतःच्या अंगणात असले, तरी ही अट सुटत नाही. परवानगीबरोबर सामान्यतः बदली झाडे लावण्याची अट येते. तोडीचे काम घेणाऱ्याने मालकाच्या तोंडी हमीवर विसंबू नये. परवानगीपत्र स्वतः वाचावे, त्यावरील झाडाची जात, संख्या आणि जागा पडताळावी, आणि काम चालू असताना त्याची प्रत जवळ ठेवावी. केवळ फांद्यांची छाटणी असली, तरी आधी लेखी विचारणा करणे हिताचे ठरते. कारण छाटणी कोठे संपली आणि तोड कोठे सुरू झाली, याविषयीचा वाद नंतर उभा राहतो.

ग्रामीण भागात भूमहसूल संहिता, १९५९ पाहावी लागते. तिच्या कलम २४० आणि २४१ अन्वये झाडांच्या तोडीवर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. खासगी जमिनीवर झाडे वाढवून ती विकू इच्छिणाऱ्यांसाठी २००१ चा लोकवानिकी अधिनियमही आहे.

छाटणी करताना पक्ष्यांच्या घरट्यांकडेही लक्ष द्यावे लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणे याचाही समावेश आहे.

वाहतूक पास

या धंद्यातील सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे वाहतूक पास. मध्य प्रदेशात त्याला ‘अभिवहन पास’ किंवा नुसते ‘टीपी’ म्हणतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ ने वनोपजाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. त्यानुसार मध्य प्रदेशात अभिवहन (वनोपज) नियम, २००० लागू झाले. पासवर मालाची जात व परिमाण, वाहनाचा क्रमांक, मार्ग आणि मुदत असते. मार्ग बदलला, मुदत संपली किंवा माल दुसऱ्या वाहनात भरला, तर खरा पासही निरुपयोगी होऊ शकतो.

हा कागद इतका मोलाचा का, हे त्याच अधिनियमाच्या कलम ६९ वरून कळते. एखादे वनोपज सरकारच्या मालकीचे आहे की नाही, असा प्रश्न कारवाईत उपस्थित झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच आहे असे गृहीत धरले जाते. अर्थात आपले लाकूड आपलेच आहे, हे दाखवण्याची जबाबदारी ते बाळगणाऱ्यावर येते. कलम ५२ नुसार संशयित मालाबरोबर हत्यारे आणि वाहनही जप्त होऊ शकते. लहान टालवाल्याच्या दृष्टीने लाकडाची किंमत काही हजारांची असली, तरी अडकून पडलेली ट्रॉली हे त्याचे किंवा वाहनमालकाचे उपजीविकेचे साधन असते. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत ते उन्हापावसात उभे राहते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वाहतूक पास प्रणाली देशभरासाठी सुरू केली. तिची चाचणी मध्य प्रदेश आणि तेलंगण या राज्यांत आधी झाली होती. तिच्यात नियंत्रित जातींसाठी ऑनलाइन पास मिळतो, तर सूट असलेल्या जातींसाठी अर्जदाराला स्वतःच ना-हरकत प्रमाणपत्र काढता येते. त्यावरील क्यूआर कोड नाक्यावर तपासला जातो.

त्रेपन्न जातींची सूट आणि तिचा शेवट

उज्जैनसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातील व्यापाऱ्यांवर गेल्या दशकात सर्वाधिक परिणाम घडवला तो एका अधिसूचनेने. २०१५ मध्ये राज्य शासनाने ५३ जातींच्या झाडांना वाहतूक पासातून सूट दिली. शेतकऱ्याला आपल्या बांधावरचे झाड विनासायास विकता यावे, असा तिचा हेतू सांगितला जात होता. दहा वर्षांत या सवलतीभोवती खरेदीविक्रीची साखळी उभी राहिली. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द ठरवली.

या निकालामागील चिंता खरी आहे. सूट असलेल्या मालाच्या ढिगाखाली सूट नसलेले लाकूड सहज जाते, आणि एकदा ओंडके झाले की जात ओळखणे सामान्य शिपायाला कठीण असते. तरीही निकालाचा भार कोणावर पडला, हेही पाहिले पाहिजे. ज्याने दहा वर्षे कागदाविना, पण कायदेशीररीत्या बाभळीचे लाकूड विकत घेतले, त्याच्याकडे पास काढण्याची सवयही नाही आणि जुन्या साठ्याचा पुरावाही नाही. मोठा व्यापारी एक कारकून ठेवून प्रश्न सोडवतो. दोन ट्रॉल्यांची उलाढाल असणाऱ्याला पासासाठी घालवलेला दिवस म्हणजे बुडालेली कमाई असते. म्हणून अशा व्यावसायिकाने कोणत्याही जातीचा माल उचलण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेली स्थिती वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावी. गेल्या वर्षीचा अनुभव हा आधार मानू नये.

लाकूड चिरण्याचा विषय यापेक्षा वेगळा आहे. कुऱ्हाडीने फोडलेले सरपण विकणे आणि आरा यंत्रावर फळ्या पाडणे यांत कायदा फरक करतो. आरा यंत्रासाठी मध्य प्रदेशच्या काष्ठ चिरान (विनियमन) अधिनियम, १९८४ खाली परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशांनंतर नवे परवाने मिळणे अधिक कठीण झाले. टालच्या कोपऱ्यात ‘सोयीपुरते’ आरा यंत्र बसवणाऱ्याचा संपूर्ण धंदा त्यामुळे धोक्यात येऊ शकतो.

ओल, वजन आणि कर

जळाऊ लाकूड क्विंटलने विकले जाते आणि नफा-तोट्याचे गणित ओलीवर ठरते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते; हवेत वाळलेल्या लाकडात ते पंधरा ते वीस टक्क्यांपर्यंत उतरते. ५० टक्के ओल असलेले दहा क्विंटल लाकूड घेतले, तर त्यात शुष्क भाग पाचच क्विंटल असतो. ओल २० टक्क्यांवर आल्यावर त्याच ढिगाचे वजन सव्वासहा क्विंटल भरते. म्हणजे केवळ खरेदीची रक्कम परत येण्यासाठी विक्रीचा दर खरेदीदराच्या १.६ पट असावा लागतो. मजुरी, भाडे आणि जागेचा खर्च त्यावर वेगळा.

या घटीला कायदेशीर बाजूही आहे. पासावर दहा क्विंटल आणि वखारीत सहा, तर उरलेला माल नोंदीविना विकला असा संशय येतो. पुढे त्याच पासाच्या आधारे दुसरा माल खपवला, असाही आरोप होऊ शकतो. यावर सोपा उपाय म्हणजे साठा वहीत दर महिन्याला घट लिहिणे आणि तिच्यासमोर वाळवणीचे कारण नोंदवणे.

वजनकाट्यालाही कायदा लागू होतो. वैधमापन अधिनियम, २००९ खालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते. चितेचे लाकूड घेणारा माणूस घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत नसतो, काट्याकडेही पाहत नाही. म्हणूनच स्मशानाजवळच्या विक्रेत्याने दरफलक ठळक लावणे आणि काटा वेळेवर पडताळून घेणे, ही कायद्याइतकीच माणुसकीचीही बाब आहे. ओले लाकूड देऊन वजन वाढवणे तर दुहेरी फसवणूक होय : पैसे जास्त जातात आणि चिताही नीट पेटत नाही.

सरपणाच्या लाकडावर वस्तू व सेवा कर नाही. इमारती लाकडावर मात्र आहे. त्यामुळे एकाच झाडाचा बुंधा गिरणीला आणि फांद्या टालला विकल्या, तर दोन्हींची बिले वेगळी असावीत. अंत्यसंस्कार व स्मशानभूमीच्या सेवाही या कराच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत.

झाडावर चढणारा माणूस

या साखळीत सर्वांत मोठी जोखीम तोड्या घेतो. कमरेला दोर, पायात साधी चप्पल आणि शेजारून गेलेली वीजवाहिनी, अशा स्थितीत काम चालते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात झाडे तोडण्याच्या कामाचा स्पष्ट उल्लेख होता. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. कामावर असताना अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी काम देणाऱ्यावर येऊ शकते. परंतु रोजंदारीची नोंद नसेल, तर ‘तो माझा मजूर नव्हताच’ असे म्हणणे मालकाला सोपे जाते. हजेरीची एक साधी वही आणि बँकेतून दिलेली मजुरी यांमुळे मजुराच्या कुटुंबाला न्याय मिळू शकतो.

वीजवाहिनीला अडथळा ठरणारे झाड हटवण्यासाठी वीज अधिनियम, २००३ च्या कलम ६८ मध्ये कार्यपालक दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची तरतूद आहे. झाड वाहिनीच्या आधीचे असेल, तर मालकाला वाजवी भरपाईही देता येते. वीजपुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत अशा झाडावर कोणीही चढू नये.

गोव्यातील वाचकांसाठी

भारतीय वन अधिनियम गोव्यातही लागू असल्याने मालकी सिद्ध करण्याची जबाबदारी येथेही तशीच आहे. तोडीसाठी गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण अधिनियम, १९८४ असून परवानगी वृक्ष अधिकारी देतो. व्याख्येतील एका बदलाने व्यवहार कसे पालटतात, याचा अनुभव गोव्याने माडाच्या बाबतीत घेतला आहे. २०१६ मधील दुरुस्तीने माड वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यावर मोठा जनक्षोभ उसळला आणि २०१७ मध्ये त्याला पुन्हा संरक्षण मिळाले. बांबूच्या बाबतीत उलट घडले : २०१७ मध्येच केंद्रीय कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून तो वगळला गेला.

उज्जैनच्या टालवाल्याने, तसेच गोव्यात भट्टीसाठी लाकूड घेणाऱ्यानेही, पाच गोष्टी एकत्र ठेवाव्यात : तोडीची परवानगी, वाहतुकीचा पास किंवा ना-हरकत प्रमाणपत्र, खरेदीची पावती, घटीसह साठा वही आणि काट्याच्या पडताळणीचे प्रमाणपत्र. लाकूड जळून गेले, तरी त्याचे कागद काही वर्षे जपून ठेवावेत. चौकशीची नोटीस अनेकदा माल संपल्यानंतरच येते.